मूळ संचातली उचकी

“हे कुणाला पटायचं नाही,” असं आजोबांनी म्हटलं, की घरातली माणसं आपापल्या कामाला लागत. आजी विणकाम पुढ्यात ओढी. नात कोपरावरचे रंगाचे डाग घासायला उठे. चहाला कुणी शेजारी आलेला असला, तर तो उरलेला चहा एका घोटात संपवून दाराकडे बघू लागे. कारण ते वाक्य म्हणजे आजोबांची तिसरी घंटा. ती झाली की पडदा वर जाणार, आणि एकदा वर गेलेला तो पडदा खाली आणणं मग आजोबांच्याही हातात राहत नसे.

वास्तविक पडदा वर नेणं आणि खाली आणणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात उजव्या विंगेत दोर धरून ते उभे असत. नटमंडळींनी त्यांचं नावच ‘दोर’ पाडलं होतं. निवृत्त झाल्यावर दोर सुटला, पण हातांची खोड सुटली नाही. गोष्ट सांगू लागले की दोन्ही हात आपोआप वरखाली होत, आणि थाप जितकी उंच जाई तितके हातही उंच जात. एकदा म्हणे त्यांनी पडदा असा झपकन वर नेला, की त्यात अडकून राजाचा टोप गेला. राजा टकला आहे हे बघून प्रजेने तिथल्या तिथे बंड केलं आणि पुढचा अख्खा अंक नटांना मनाने रचून म्हणावा लागला. आणखी एकदा म्हणे दोर तुटला, तेव्हा त्यांनी तो नाटक संपेपर्यंत दातांत धरून ठेवला आणि प्रॉम्प्टरशी गप्पाही चालू ठेवल्या. आजीने एवढंच विचारलं, की दातांत दोर असताना बोललात कसे.

“नाकाने,” आजोबांनी सांगितलं.

पण हा सगळा चिल्लर माल. आजोबांची खरी लोणकढी थाप एकच होती, आणि ती एका तबकडीवर बसलेली होती.

ती तबकडी म्हणजे ‘बंदरावरची टपालवाली’ या संगीत नाटकाची, मूळ संचाने गायलेली. बंदरावर एक टपालवाली असते. साऱ्या गावाची पत्रं ती घरोघर पोचवते, तिला स्वतःला मात्र कुणी दोन ओळी लिहीत नाही, आणि पुढे ती एका बोटवाल्याच्या प्रेमात पडते. हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं ते आजोबांच्याच नाट्यगृहात आणि पहिल्या प्रयोगाचा पडदा त्यांनीच वर नेला. एवढं निखळ खरं. प्रयोग धो धो चालला, मग सगळ्या नटमंडळींना एका दिवसात स्टुडिओत कोंबून गाणी रेकॉर्ड केली गेली. हेही खरं. तिसऱ्या अंकात टपालवाली धक्क्यावर एकटी उभी राहून गाते, ‘शेवटची बोट गेली तरी मी थांबेन इथे’. शेवटच्या कडव्यातल्या ‘थांबेन’मध्ये तिला उचकी लागते. ‘थां’ म्हणते, उचकी देते आणि मग ‘बेन’ म्हणते.

ती उचकी नाटकात लिहिलेली नव्हती. ती तबकडीत कशी शिरली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नाटक पाहिलेली माणसं थोडी आणि तबकडी ऐकलेली उदंड. पुढे ज्यांनी ज्यांनी ते नाटक बसवलं त्यांनी तबकडीवरूनच बसवलं, आणि उचकी नाटकाला कायमची चिकटली. टपालवालीने निळा कोट नाही घातला तरी चालेल, उचकी हवीच. कुठल्याशा गावी एका मानी गायिकेने ती गाळली, तर प्रेक्षकांनी एकमुखाने आपली उचकी देऊन तिचा शब्द पुरा केला, असं आजोबा सांगत. खरं असेल. आजोबांच्या तोंडून आलं म्हणून खोटंच असेल असं थोडंच आहे.

त्यांच्या घरात नात राहत होती. तिचे आईवडील कामानिमित्त दुसऱ्या शहरात, ती इथे चौकातल्या रंगाच्या दुकानात रंगाचे डबे घुसळण्याच्या नोकरीला. यंत्राचा खडखडाट इतका, की दुकानात कुणाला कुणाचं ऐकू जात नाही, म्हणून ती तिथे मोकळ्या गळ्याने गात असे. एक दिवस यंत्र मध्येच बंद पडलं आणि गाणं चालूच राहिलं. नेमके तेव्हा दुकानात भिंतीसाठी पिवळा रंग घ्यायला आलेले गृहस्थ होते चष्मेवाले मास्तर. मास्तरांचं चष्म्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत. गिऱ्हाइकाला फळ्यावरची अक्षरं वाचायला लावताना ते त्याचे उच्चारही सुधारत. संध्याकाळी ते हौशी नाटकमंडळी चालवत आणि त्या वर्षी ‘टपालवाली’ बसवत होते. पिवळा रंग दुकानातच राहिला, मास्तर टपालवाली घेऊन बाहेर पडले.

मास्तरांची एक पद्धत होती. तबकडी सांगेल ती पूर्व दिशा. तालीम सुरू होण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून तबकडी ऐकायची, आणि जे ऐकू येईल ते करायचं. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तबकडीत कुणाची तरी खुर्ची करकरते, म्हणून मंडळींतला एक धडधाकट माणूस विंगेत खुर्ची घेऊन बसे आणि नेमक्या क्षणी करकरवी. त्यावर कडी म्हणजे मास्तरांच्या स्वतःच्या तबकडीला एक ओरखडा होता. तिथे सुई अडखळून ‘लाटांनो सांगा, लाटांनो सांगा’ असं दोनदा वाजे. मंडळींनी ते तसंच पाठ केलं, वाद्यवाल्यांनीही तसंच बसवलं, आणि चांगली तबकडी घरी असलेल्या एका बाईंनी शंका काढली तेव्हा मास्तर म्हणाले, की तुमची छोटी आवृत्ती असेल.

अशा माणसापुढे उचकी चुकवून कुणाची सुटका होणार? नातीचा गळा सुरेल, पाठांतर चोख, टपालाची चामडी पिशवी तर ती अशी मिरवी, की दुकानातून घरी येताना लोकांनी तिला दोनदा पाकिटं दिली. फक्त उचकी येईना. यायची ती कधी बिजागरी कुरकुरल्यासारखी, कधी कुणी पायावर पाय दिल्यासारखी. मास्तर चष्मा काढून पुसू लागत. दुकानात त्यांनी चष्मा पुसला म्हणजे नंबर वाढला, तालमीत पुसला म्हणजे भूमिका गेली, हे मंडळींना माहीत होतं.

मग घरात उचक्यांचा कारखाना निघाला. नात कोरडा पाव खाऊन बघे, घटाघटा पाणी पिऊन बघे, ओणवी होऊन पाणी पिऊन बघे. वरच्या मजल्यावरची काकू म्हणाली, की कुणीतरी आठवण काढली की लागते उचकी, तर मी सकाळपासून तुझीच आठवण काढत बसते. बसलीही बिचारी, पण लागली तिच्या नवऱ्याला. आजोबांनी दाराआडून ‘भो’ केलं, तेव्हा आजीने लक्षात आणून दिलं, की घाबरवतात ते उचकी थांबवायला, लावायला नव्हे. जगात जेवढे उपाय आहेत तेवढे सगळे थांबवण्याचेच निघाले. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, की इतक्या वर्षांत उचकी हवी म्हणून आलेला पेशंट पहिलाच.

आणि तिकडे बेकरीवाल्याची सून टपूनच बसली होती. तिची उचकी म्हणजे मागाल तेव्हा, मागाल तितकी, गरमागरम. सूर मात्र समोरून येताना दिसला की ती फुटपाथ बदलायची. तरी मास्तरांनी शेवटी निकाल दिला. म्हणाले, माझी तबकडी जुनी झाली आहे, आजोबांकडे कोरी करकरीत आहे. रविवारी दुपारी येतो. एकदा नीट ऐकू, मग तू म्हण. जमलं तर ठीक, नाहीतर पिशवी मी बरोबर घेऊन जाईन.

त्या निकालानंतर नातीने गुणगुणणं सोडलं. तोंड धुताना नाही, जिना चढताना नाही. आजोबांनी ते लगेच टिपलं. विंगेत उभं राहून त्यांनी माणसांचे चेहरे कमी आणि पाठी जास्त पाहिल्या होत्या, आणि ही पाठ त्यांना ओळखू येत होती. भूमिका हातची जाणार हे कळलेल्या माणसाची पाठ. शनिवारी तिने चामडी पिशवी पॉलिश करून दाराच्या खुंटीला टांगली, परत द्यायची वस्तू स्वच्छ द्यावी म्हणून. आजोबा त्या पिशवीकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांचे हात आपसूक थोडेसे वर झाले.

रविवारी मास्तर आले. बूट दाराशी काढले, टोपी गुडघ्यावर ठेवली, चहा नको म्हणाले आणि दोन कप प्यायले. आजी खिडकीपाशी विणकाम घेऊन बसली. नातीने तबकडी लावली. सुई खरखरली, मग वाद्यं सुरू झाली. सगळ्यांनी मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे डोळे मिटले, आजोबांनी एकच मिटला. गाणं झालं. मग नात उभी राहिली आणि मूळ चालीवर गायली. ‘शेवटची बोट गेली तरी’पर्यंत खोलीतली हवा गोड झाली होती. नंतर उचकी आली. टेबलाखाली उंदीर चावल्यासारखी.

मास्तरांनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढला. एक काच पुसली, दुसरी पुसायला घेतली, आणि अत्यंत मऊ आवाजात, दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे आहेत हे सांगावं तसं, बेकरीवाल्याच्या सुनेचं नाव काढलं.

“मास्तर,” आजोबा म्हणाले, “हे कुणाला पटायचं नाही.”

नातीने डोळे मिटून घेतले. आजीच्या सुया मात्र थांबल्या नाहीत.

आजोबा सांगू लागले. ती उचकी मूळ संचात टपालवाली झालेल्या बाईंची नव्हेच, ती माझी. मास्तरांचा रुमाल थबकला. स्टुडिओत पडदेवाल्याचं काय काम, असं त्यांनी विचारलं, आणि आजोबांना नेमकं तेच हवं होतं.

त्याचं असं झालं म्हणे, की बाईंना पडदा वर गेल्याशिवाय गाताच येत नसे. पडदा सळसळत वर जायचा, त्याचा वारा बाईंच्या तोंडावर यायचा, आणि त्या वाऱ्याबरोबर गळा उघडायचा. स्टुडिओत कुठला पडदा? बाई उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आतून काही नाही. वाद्यवृंदाच्या मुख्याने सूर दिला, काही नाही. कुणी पंखा आणून लावला, तर बाईंना शिंका आल्या. शेवटी त्यांनी खुणेने सांगितलं, की दोरला बोलवा. कंपनीने ट्रक पाठवला, आजोबा आले, पाठोपाठ पडदा आला. तो दारातून आत जाईना. खिडकी काढली, तरी जाईना. मग भिंतच बाजूला ठेवली.

“भिंत?” मास्तर म्हणाले.

“हलकी होती,” आजोबा म्हणाले. “लाकडी.”

मास्तरांनी मान डोलावली. आजोबांना आता रंग चढला. हात खांद्याच्या वर गेले. कोरसच्या सगळ्या मंडळींना बूट काढायला लावले होते, पावलं वाजू नयेत म्हणून, आणि मोज्यांची अशी काही भोकं बाहेर पडली, की राजघराण्यातली भूमिका करणारी एक बाई सबंध दिवस एका पायावर उभी राहिली. खलनायकाचा आवाज पहाडी. त्याला माइकपासून लांब उभं केलं तरी आवाज मोजणाऱ्या यंत्राचा काटा उडे. मग जिन्यात उभं केलं. मग रस्त्यावर. शेवटी रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या दुकानात बसवला आणि खिडकी उघडी ठेवली, तेव्हा कुठे त्याचा आवाज बाकीच्यांच्या बरोबरीला आला. त्याचं गाणं नीट ऐकलंत तर मागे कात्री वाजते.

मास्तर उठून उभे राहिले. “ती कात्री आहे?”

“न्हाव्याची.”

“आम्ही तिथे चमचे वाजवतो हो,” मास्तर खचून म्हणाले आणि परत बसले.

आता मासा गळाला लागला होता. आजोबांनी आवाज खाली आणला. तिसऱ्या अंकाचं गाणं. लाल दिवा लागलेला. लाल दिवा लागला की स्टुडिओत माशीसुद्धा बसते तिथेच राहते. आजोबा बाईंच्या मागे शिडीवर, हातात दोर. सकाळपासून पोटात एक कोरडं बिस्किट. आणि उचकी आली. पहिली त्यांनी गिळली. दुसरीवर बसून राहिले. तिसरी मात्र त्यांना न विचारता निघाली ती थेट ‘थांबेन’च्या मध्यावर जाऊन बसली. स्टुडिओ त्या दिवसापुरताच मिळालेला, पुन्हा गाऊन घ्यायला वेळ कुठला? तशीच तबकडी निघाली. लोकांना वाटलं बाईंची उचकी. बाई थोर मनाच्या, त्यांनी कधी कुणाला खरं सांगितलं नाही.

मास्तरांनी वळून आजीकडे पाहिलं. आजीच्या तोंडावर कधी खोटं येत नाही, अशी तिची साऱ्या गल्लीत ख्याती. आजोबांच्या एकूण एक थापेला तिने आजवर टाचणी लावलेली.

आजीने विणकामाची ओळ पुरी केली, सुई फिरवली आणि म्हणाली, “कोरड्या बिस्किटाने लागते त्यांना उचकी.”

एवढंच. हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि त्यावेळी आजोबांना ते लग्नातल्या होकारापेक्षा गोड लागलं.

मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला. म्हणाले, असं असेल तर प्रश्नच मिटला. पडदेवाल्याची उचकी टपालवालीने कशाला द्यायची? ती गाळून टाकू. त्यांनी नातीला सांगितलं, की तू सरळ गा, पिशवी तुझीच. आजोबांचे हात सावकाश मांडीवर आले. तो पडदा त्यांनी अगदी अलगद टेकवला होता. तिथेच गप्प बसले असते तर काही बिघडत नव्हतं. पण गप्प बसणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता, निवृत्तीचा नव्हे.

“आणि बाईंची कमाल बघा,” ते म्हणाले. “मागे शिडीवर माझी उचकी फुटली, पण त्यांचा सूर हलला नाही. ओळंब्यासारखा सरळ.”

नात मघापासून तबकडीजवळ बसली होती. भूमिका वाचल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसायला हवा होता, तो आलाही होता. पण हे शेवटचं ऐकल्यावर तो तिथेच थांबला. तिने सुई उचलली, गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर ठेवली आणि कान कर्ण्याजवळ नेला. ‘शेवटची बोट गेली तरी मी थां—’. सुई उचलली. पुन्हा मागे ठेवली.

आजोबांनी खाकरून बघितलं. मग टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. मग मास्तरांना विचारलं, की पिवळा रंग शेवटी घेतलात का. मास्तर रंगाबद्दल बोलायला तयार होते, पण त्यांचंही अर्धं लक्ष तिकडे गेलं होतं. नातीने तिसऱ्यांदा सुई ठेवली. या खेपेला ती उचकीच्या शब्दापर्यंत ऐकतच नव्हती, त्याआधीचं ऐकत होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “इथे बघा. ‘बोट’पाशी तिने श्वास घ्यायला हवा होता. आधीच्या सगळ्या कडव्यांत घेतलाय. इथे नाही घेतला.”

मास्तर पुढे झुकले. तिने पुन्हा वाजवलं. खरंच नव्हता घेतला. ‘गेली तरी’ हे दोन शब्द बाईंनी घाईने टाकले होते, अंगावर काही सांडणार असताना माणूस पावलं उचलतो तसे. ‘थां’ दाबून धरला होता. मग उचकी. आणि ‘बेन’ इतका हळू, जणू काही झालंच नाही असं दाखवायचं होतं.

“मी आजपर्यंत उचकी द्यायला बघत होते,” नात म्हणाली. “ती देत नाहीये. तिला येऊ घातलीय आणि ती लपवतेय. ओळीच्या सुरुवातीपासून.”

आणि कुणी सांगायच्या आत ती उभी राहिली. आजोबांना तिची पाठ दिसत होती. त्यांच्या मनात आलं, बाई गं, मिळालेलं आहे, घे आणि बस. सरळ गायची परवानगी हातात असताना हिला ही अवदसा कुठून आठवली? पण ती गायला लागली होती. ‘शेवटची’वर ती नेहमीसारखीच होती. ‘बोट’पाशी तिने श्वास घेतला नाही, आणि खोलीतल्या तिघांनीही आपापला श्वास घेतला नाही. ‘गेली तरी’ तिने घाईत ओलांडलं. ‘थां’वर ती अशी थांबली, की आजोबांना वाटलं आता हिच्या हातून काहीतरी फुटणार. मग एक अगदी लहानसा, बंद ओठांआडचा धक्का आला, आणि पाठोपाठ ‘बेन’, खाली मान घालून, कुणी पाहिलं तर नाही ना अशा बेताने. बंदराच्या धक्क्यावर उभी असलेली, कुणासमोर रडायचं नाही असं ठरवलेली एक बाई त्या खोलीत येऊन गेली.

आजीच्या सुया थांबल्या होत्या. मास्तरांच्या हातात चष्मा होता, पण ते तो पुसत नव्हते, डोळे पुसत होते.

मग त्यांच्यातला चष्मेवाला जागा झाला. त्यांना नियम हवा होता. तबकडी सांगेल ती पूर्व दिशा हे ठीक, पण तबकडीतच पडदेवाला शिरलेला असेल तर कुणाचं ऐकायचं? ते एकदा नातीकडे, एकदा आजोबांकडे बघू लागले. म्हणाले, की हे सुरेखच झालं, अंगावर काटा आला. पण उचकी जर आजोबांची असेल, तर ती नाटकात ठेवणं म्हणजे बाईंवर अन्याय. आजोबा, तुम्हीच सांगा. खरंच तुमची ना?

आजोबा पेचात पडले. नाही म्हणावं, तर जन्मभराची एकुलती एक मोठी थाप उघडी पडते, आणि मास्तर भिंत, न्हावी, कात्री सगळ्याचा हिशोब मागणार. हो म्हणावं, तर पोरीने आत्ता जे केलं ते कापलं जाणार, आणि ते कापलं जाऊ नये असं तर त्यांना शिडीवरच्या त्या उचकीइतकंच आतून वाटत होतं. त्यांनी आजीकडे पाहिलं. आजी विणकामातले टाके मोजण्यात गढून गेली होती. आज एकदा मदत केली, तेवढी पुरे, असं तिची मान सांगत होती.

सवय शेवटी सवयच. हात वर गेले.

“माझीच, मास्तर,” आजोबा म्हणाले. “त्या शिडीची शपथ. बाईंना तर पत्ताही नव्हता, की—”

“साफ खोटं आहे हे, आजोबा,” नात म्हणाली. “उचकी तुम्ही दिली असतीत, तर ती लपवायला तिने एवढा आटापिटा केला असता का?”